माझ्या मुलाला ओळखणाऱ्या काकूंना

सप्रेम नमस्कार काकू,

लेकाच्या परीक्षेच्या ओळखपत्रासाठी तुम्ही जी मदत केलीत तिच्याबद्दल फोनवर तुमचे आभार मानायला गेले तर तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदललात आणि दिवाळी अंकांचं विचारायला लागलात. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. इथे अमेरिकेत मुलांना घरीच शिकवणारी आपली बरीच मराठी कुटुंबं आहेत. त्यांच्यापर्यंत हे पोचावं असं मनापासून वाटतं, कारण या अडचणीत स्वतः सापडेपर्यंत तिची कल्पनाच येत नाही.

शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्षाच्या सुरुवातीला शाळेचं फोटो असलेलं ओळखपत्र मिळतं. ते गळ्यात नाहीतर दप्तरात पडून असतं आणि सॅटच्या, म्हणजे कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, दिवशी सहज कामाला येतं. होमस्कूलच्या मुलाची शाळा म्हणजे आम्ही आईबाप. नोंदणी करताना शाळेचा कोड विचारतात, त्याची सोय आहे: सॅटला ९७००००, तशाच दुसऱ्या परीक्षेला, एसीटीला, ९६९९९९. पण परीक्षेच्या दारात त्या कोडचा उपयोग नाही. तिथे सरकारने किंवा शाळेने दिलेलं, मुदतीतलं, ओळखू येईल अशा फोटोचं मूळ कार्ड दाखवावं लागतं आणि त्यावरचं नाव नोंदणीतल्या नावाशी जुळावं लागतं. अमेरिकेत २०२४ च्या मार्चपासून सॅट कागदावर नसून लॅपटॉपवर होते, तरी ओळखपत्र मात्र हातात धरता येणारंच हवं. फोनमध्ये काढून ठेवलेला त्याचा फोटो चालत नाही.

आमची कोंडी तुम्हाला माहीत आहे, वाचणाऱ्यांसाठी सांगते. सोळा वर्षांच्या आत काढलेला अमेरिकन पासपोर्ट पाचच वर्षं चालतो आणि त्याचं नूतनीकरण टपालाने होत नाही. डीएस-११ अर्ज घेऊन मुलासकट समक्ष जावं लागतं. लेकाचा अर्ज गेला होता, जुना पासपोर्टही त्यासोबत गेला होता. नवा केव्हा येईल ते कुणीच सांगू शकत नव्हतं. गाडी शिकायला त्याने अजून सुरुवात केलेली नव्हती, त्यामुळे परमिटचा प्रश्नच नव्हता. (आणि परमिट मिळालं तरी काही राज्यांत आधी नुसता कागद देतात. त्यावर फोटो नसला तर परीक्षेला तो काय कामाचा?) राज्याच्या आयडी कार्डासाठी अपॉइंटमेंट मिळत होती ती परीक्षा उलटून गेल्यावरची. जन्मदाखला आणि सोशल सिक्युरिटी कार्ड घरात होतं, पण दोन्हींवर चेहरा नाही. "घरीच एक छान कार्ड छापून लॅमिनेट करा, कोण बघतंय" असा सल्लाही मिळाला. त्या वाटेला आम्ही गेलो नाही.

मग सॅट घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचा स्टुडंट आयडी फॉर्म सापडला. दुसरं ओळखपत्र नसलेल्या मुलांसाठीच तो आहे. त्यावर फोटो चिकटवायचा, शाळेच्या अधिकाऱ्यासमोर सही करायची आणि त्यांनी सही-शिक्का द्यायचा. मूल होमस्कूलचं असेल तर अधिकाऱ्याच्या जागी नोटरी. वाचून जीव भांड्यात पडला. इथे नोटरी बँकेतही भेटतो आणि वाचनालयातही. आपल्याकडच्यासारखा कोर्टाच्या आवारातला वकीलच लागतो असं नाही.

एका बँकेत गेलो. तिथल्या नोटरीबाई सभ्य होत्या, त्यांनी फॉर्म नीट वाचला आणि विचारलं, "मुलाचं फोटो आयडी?" मी म्हटलं, ते नाही म्हणून तर हा फॉर्म. त्या म्हणाल्या, समोरची व्यक्ती कोण आहे याची खात्री झाल्याशिवाय मी शिक्का मारू शकत नाही. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, नोटरीचं कामच ते. पण ओळखपत्र मिळवायला ओळखपत्र हवं, हे ऐकून लेक गाडीत बसल्यावर जे बोलला ते माझ्या डोक्यातून जात नाही. तो म्हणाला, "आई, म्हणजे आपल्या घराबाहेर मी आहे हे कुणाला माहीतच नाही का?"

काकू, त्याचं उत्तर तुमच्याकडे होतं.

इथल्या मराठी मंडळाच्या शाळेत तुम्ही त्याला मुळाक्षरं गिरवायला शिकवलीत. 'ळ' उलटा काढायचा तेव्हापासून तुम्ही त्याला बघताय. पण तुम्ही नोटरी आहात हे मला ठाऊकच नव्हतं. मंडळाच्या एका ताईंनी सांगितलं तेव्हा कळलं. फोनवर तुमचा पहिला प्रश्न होता, "तुझं माहेर किंवा सासर, कुठून तरी आपलं नातं लागत नाही ना?" मी चक्रावले. मग तुम्ही समजावलंत की एसीटीसाठी अशाच ओळखीचं जे पत्र असतं त्यावर तर स्पष्टच म्हटलंय, सही करणारा नातेवाईक नको. सॅटचा फॉर्म असला तरी आपणही तेच पाळायचं. दुसरी गोष्ट सांगितलीत ती आमच्या सगळ्या धडपडीत कुणीच सांगितली नव्हती: आपल्या राज्यात समोरची व्यक्ती नोटरीच्या प्रत्यक्ष ओळखीतली असेल, तर कायद्याने तीच ओळख पुरेशी धरली जाते. वरवरची नव्हे, शंकेला जागा राहणार नाही इतकी. कॅलिफोर्नियात २००८ पासून ही मुभा नाही. तिथे अशा वेळी ओळखणारे साक्षीदार शपथेवर उभे करावे लागतात. नियम राज्याराज्यात बदलतात, हे वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मी सहज म्हणून गेले, "मग मीच फॉर्म घेऊन येते, तो क्लासला गेलाय." तुम्ही ठामपणे नाही म्हणालात. "सही त्याची, चेहरा त्याचा, तर तोच माझ्यासमोर यायला हवा." इतक्या वर्षांची ओळख, त्यात मंडळातली माणसं, दुसऱ्या कुणी मोकळ्या फॉर्मवर शिक्का मारून दिला असता. तुम्ही दिला नाहीत याचं मला तेव्हाही बरं वाटलं.

त्या संध्याकाळी तुमच्या डायनिंग टेबलावर जे चाललं होतं ते मी नुसती बघत बसले होते. जन्मदाखल्यावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव तुम्ही बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलंत. आपल्या मुलांच्या नावात वडिलांचं नाव मधे असतं, कुठे ते पहिल्या नावाला जोडून येतं, कुठे गळतं, आणि नेमकं त्यावरच दारात अडतं. मी दोन प्रकारच्या कागदावर फोटो छापून आणले होते. चकचकीत फोटोवर शाई धरत नाही, बोट लागलं की पसरते, म्हणून तुम्ही मॅट फोटो निवडलात आणि दुसऱ्यावर आधी शिक्का उठवून बघितलात. मग लेकाला पेन दिलंत. त्याने आयुष्यात अशी सही कधी केली नव्हती. तो थबकला, तर तुम्ही म्हणालात, "घाई नाही. पण आज जशी करशील तशीच पुढे करायची." त्याने केली. तुम्ही शिक्का असा टेकवलात की अर्धा फोटोवर आणि अर्धा कागदावर यावा, आणि वाळेपर्यंत फॉर्मला कुणाला हात लावू दिला नाहीत. तुमच्या वहीत तारीख, वेळ, कागदाचा प्रकार लिहून त्याची तिथेही सही घेतलीत.

एवढी कटकट कशाला, असं तो पुटपुटला, तेव्हा तुम्ही त्याला न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडची हकीकत सांगितलीत. २०११ मध्ये तिथल्या नासाऊ काउंटीत काही मुलांनी पैसे देऊन आपल्या जागी दुसऱ्यालाच सॅटला बसवलं होतं आणि प्रकरण अटकेपर्यंत गेलं. त्यानंतर नोंदणीतच फोटो चढवायचा नियम आला. "तू अभ्यास केलायस ना? मग तुझ्या जागी दुसरं कुणी बसणार नाही, याची ही काळजी आहे," असं तुम्ही म्हणालात. घरी येताना तो त्याच्यावरच बोलत होता. बँकेतून परतताना जी नाराजी होती ती गेली होती. नियम तेच, फॉर्म तोच. फक्त या वेळी कुणीतरी त्याच्याशी, माझ्याशी नव्हे, बोललं होतं.

पैसे विचारले तर तुम्ही रागावलात, म्हणून ते पुन्हा काढत नाही.

परीक्षेच्या दिवशी दारातल्या बाईंनी फॉर्म बघितला, शिक्का बघितला, चेहरा बघितला आणि त्याला आत सोडलं. एवढंच. त्याला हाक मारून कुणी बाजूला घेतलं नाही, पर्यवेक्षकाला बोलवावं लागलं नाही. मी गाडीत किती वेळ नुसती बसून होते कोण जाणे. गुणांचं पुढचं पुढे. त्या सकाळी त्याला बाकीच्या मुलांसारखं आत जाता आलं, मला तेवढंच हवं होतं.

तुम्ही बजावलं होतंत त्याप्रमाणे आता राज्याचं आयडी कार्ड काढलं आहे, नवा पासपोर्टही आला. तुमचं म्हणणं पटलं: तो फॉर्म निकडीपुरता. सॅटचा एसीटीला चालत नाही, एसीटीचं पत्र सॅटला चालत नाही आणि अमेरिकेबाहेर परीक्षा दिली तर सॅटचा हा फॉर्मही कामाचा नाही. होमस्कूलच्या मुलाचं आयडी कार्ड परीक्षेची तारीख ठरवण्याच्याही आधी, नववी-दहावीतच काढून ठेवावं, असं मी आता भेटेल त्या आईला सांगते.

एक विचारायचं होतं. माझ्या ओळखीतल्या आणखी दोन घरांना अशीच गरज पडणार आहे. तुमचा नंबर तुम्हाला विचारल्याशिवाय देणार नाही. हो म्हणालात तर त्यांना मुलांसकट घेऊन येते. आणि लेकाने स्वतःहून ठरवलंय की पुढच्या सत्रापासून रविवारी मराठी शाळेत लहान गटाला शिकवायला तुमच्या हाताखाली यायचं. कोणत्या रविवारपासून येऊ, एवढं कळवा.

तुमची,
तुमच्या एका विद्यार्थ्याची आई