तालीम आणि तकरार

सहारनपूर,
मंगळवार, रात्री

प्रिय सुरेश,
सप्रेम नमस्कार.

नक्षीकामाची ऑर्डर द्यायला आलो होतो. माल तयार व्हायला दोन दिवस लागणार म्हणाले, म्हणून आज देवबंदला जाऊन आलो. आमच्या कारागिराचा पुतण्या तिथल्या दारुल उलूम या मदरशात शिकतो. "हमारी तालीम देखिए," म्हणाला, आणि माझ्या डोळ्यांपुढे लाल माती आणि आपले वस्ताद उभे राहिले! इथे तालीम म्हणजे शिक्षण आणि उस्ताद म्हणजे शिक्षक. आपण दोन्ही शब्द उचलले आणि थेट हौद्यात उतरवले.

मला वाटलं होतं, पाचसहाशे वर्षांचं काहीतरी असणार. निघालं १८६६ चं. ३० मे रोजी छत्ता मशिदीत डाळिंबाच्या झाडाखाली पहिला धडा झाला. शिकवणारे मुल्ला महमूद आणि शिकणारा महमूद हसन. सत्तावनच्या बंडानंतर दिल्लीची वाताहत झाली, मदरसे पोसणारे नबाब-जहागीरदार गेले. मग मौलाना कासिम नानोतवी, हाजी आबिद हुसेन वगैरे मंडळींनी लोकवर्गणीवर हे उभं केलं. नानोतवींनी आठ नियम घालून दिले. त्यांतला एक असा, की जहागीर, कारखाना किंवा व्यापारातून कायमची मिळकत सुरू झाली तर अल्लावरचा भरवसा सुटेल आणि आपसांत भांडणं लागतील. सरकारचाही हात नको. मी व्यापारी माणूस, आधी हसलो. मग आपल्या तालमीने रस्त्याकडचे गाळे भाड्याने दिल्यावर काय काय झालं ते आठवलं.

गंमत म्हणजे पगारी शिक्षक, ठरलेले वर्ग, वार्षिक परीक्षा, छापील अहवाल ही घडी इंग्रजी अमदानीतल्या कॉलेजांसारखी. शिकवणं मात्र जुनं. लखनौच्या फिरंगी महालातल्या मुल्ला निजामुद्दीन यांच्या नावाने चालणारा अठराव्या शतकातला 'दर्से निजामी' हा अभ्यासक्रम त्याचा पाया. त्यात तर्कशास्त्राचा भार मोठा होता. देवबंदने वजन हदीसकडे, म्हणजे पैगंबरांच्या वचन-आचरणाच्या नोंदींकडे, झुकवलं.

मला खरी गोडी लागली ती शिकवण्याच्या रीतीत. मुलगा इयत्ता सांगत नाही, कुठलं किताब चालू आहे ते सांगतो. आदल्या दिवशी स्वतः वाचून यायचं, तो मुतालआ. वर्गात एकाने अरबी इबारत, म्हणजे मूळ मजकूर, मोठ्याने वाचायची, मग उस्ताद उर्दूत उलगडून सांगणार. यातली मेख ऐक. त्या छपाईत बहुतेक जेर-जबर, म्हणजे स्वरांच्या खुणा, नसतात; शब्दाच्या शेवटी अ, इ की उ हे वाचणाऱ्याने ठरवायचं. कर्ता कोण, कर्म कोण हे कळल्याशिवाय नीट वाचताच येत नाही. तोंड उघडलं की व्याकरण उघडं पडतं! ते व्याकरणही 'फअल, फअला, फअलू' असं घोकलेलं. एक, दोन, अनेक. आपल्या 'रामः रामौ रामाः'सारखं तिथेही द्विवचन आहे, हे मला या वयात कळलं.

शेवटचं वर्ष दौरा-ए-हदीसचं. बुखारी, मुस्लिम, तिर्मिजी असे मोठे संग्रह वर्षभरात वाचून काढायचे. हॉलमध्ये शेकडो मुलं आणि माइक. वाचणारा एक, बाकीचे पानावर बोट ठेवून. एकेकाला वाचायला लावण्याची कसोटी तिथे पातळ होते, असं माझं मत. शिवाय ज्या मुलाला पुढे दुकान घालायचं किंवा नोकरी धरायची आहे, त्याच्या हाती गणित-इंग्रजी फार थोडं लागतं. पुतण्याला हे बोललो. तो चिडला नाही, म्हणाला, "आम्ही इथे आलिम, धर्माचे पंडित, व्हायला येतो, दुकानदार व्हायला नाही." माझ्याकडे बघून म्हणाला, तेवढं लागलं.

तो पहिला विद्यार्थी महमूद हसन पुढे इथलाच मुख्य उस्ताद झाला, इंग्रजांविरुद्धच्या रेशमी रुमालांच्या (म्हणजे रेशमी कापडावर लिहिलेल्या गुप्त पत्रांच्या) कटात अडकला आणि माल्टाच्या कैदेत राहून १९२० साली परतला. त्यांचे शिष्य हुसेन अहमद मदनीही त्यांच्याबरोबर कैदेत होते. फाळणीला ठाम विरोध करणारे ते हेच मदनी.

निघायच्या वेळी संध्याकाळ झाली होती. व्हरांड्यात मुलांचे घोळके, मधला एकजण सकाळचा धडा जसाच्या तसा पुन्हा सांगतोय. "तकरार चालू आहे," पुतण्या म्हणाला. मी विचारलं, कुणाबद्दल? पोरगा पोट धरून हसला. अरे, तकरार म्हणजे उजळणी! तीच आपल्याकडे येऊन तक्रार झाली.

मीही मग त्याला आपल्या तालमीत काय चालतं ते सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. फोटो पाठवायचं कबूल करून आलोय, तेव्हा शड्डू ठोकतानाचा एक चांगलासा काढून धाड.

वहिनींना नमस्कार. माल गुरुवारी निघेल.

तुझा,
बाळू