रोजच्या इंग्रजी शब्दाचा उच्चार पण छापा की

मा. संपादक, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात कोपऱ्यात रोज एक इंग्रजी शब्द येतो, स्पेलिंग, मराठी अर्थ आणि खाली एक वाक्य. मी तो नेमाने वाचते, कात्रणं पण काढून ठेवलीत, कारण मी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आणि संध्याकाळच्या बॅचला रोज काहीतरी नवीन द्यावं लागतंच. पण त्या कोपऱ्याबद्दल एक तक्रार आहे, बरेच दिवस मनात साठलीये, त्यामुळे पत्र जरा लांबणार, सांभाळून घ्या.

तक्रार एवढीच की तो शब्द दिसतो पण ऐकू येत नाही.

मागच्या बॅचला एक गृहस्थ होते, वय पन्नाशीच्या पुढे, व्याकरण माझ्याहून पक्कं म्हणलं तरी चालेल. एकदा मी ऑडिओ लावला, त्यात बाई 'कम्फ्टबल' असं काहीतरी म्हणाली, तर यांनी वहीत तो नवीन शब्द म्हणून उतरवला आणि मला अर्थ विचारला. मी फळ्यावर स्पेलिंग लिहिलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला, कारण 'कम्फर्टेबल' हा शब्द ते चाळीस वर्षं लिहीत होते! म्हणजे शब्द येत होता, पण डोळ्याला. कानाची आणि त्याची ओळखच नव्हती. आणि हे अपवाद नाहीत बरं का, माझ्याकडे येणारे निम्म्याहून जास्त लोक असेच असतात, वाचायला दिलं तर सगळं कळतं आणि ऐकायला दिलं की 'मॅडम हे फार फास्ट बोलतात'. फास्ट वगैरे काही नाही हो, आपण जो आवाज डोक्यात धरून बसलोय तो तिथे नसतोच.

हसू नका, माझंही तेच. 'एपिटमी' (epitome) हा शब्द मी कितीतरी वर्षं भर वर्गात 'एपिटोम' म्हणत होते कारण पुस्तकात तसाच दिसला होता, आणि एवढ्या वर्षांत कोणी टोकलं नाही कारण ऐकणारे पण माझ्याचकडून शिकलेले.

आपली गोची काय होते तर आपली लिपी बऱ्यापैकी लिहिल्याबरहुकूम वाचता येते. बऱ्यापैकीच म्हणते, कारण 'कमळ' लिहिताना शेवटचा अ लिहितो आणि बोलताना गिळतो, आणि 'चार' मधला च वेगळा नि 'चाक' मधला वेगळा हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं, बाहेरून मराठी शिकायला आलेल्या माणसाला विचारा म्हणजे कळेल. पण तरी अक्षर दिसलं की आवाज करायचा ही सवय हाडात भिनलेली, आणि तीच सवय घेऊन आपण इंग्रजीकडे जातो, जिथे अक्षरं 26 आणि आवाज साधारण 44. त्यात भर म्हणजे ते स्पेलिंग जुन्या काळचं. इंग्लंडमध्ये कॅक्स्टन नावाच्या माणसाने 1476 ला छापखाना घातला आणि हळूहळू स्पेलिंगं गोठत गेली, आणि नेमक्या त्याच सुमाराला, साधारण 1400 ते 1700 मध्ये, तिथल्या दीर्घ स्वरांचे उच्चार पार सरकले. 'नाइफ' मधला के आणि 'नाइट' मधले जी-एच एके काळी खरंच बोलले जायचे, आवाज गेले आणि अक्षरं तिथेच राहिली. कर्जाला जो 'डेट' (debt) हा इंग्रजी शब्द आहे त्यातला बी तर कधीच बोलला जात नव्हता, लॅटिन मूळ दिसावं म्हणून पंडितांनी मागाहून घुसवला. पोरं विचारतात हा बी कशाला, तर हे सांगा त्यांना, 'सायलेंट असतो' म्हणून गप्प बसवू नका.

आणि खरी मेख पुढेच आहे, जोराची. मराठीत शब्दाच्या कुठल्या भागावर जोर दिला याने सहसा अर्थ बदलत नाही, इंग्रजीत बदलतो. 'रेकॉर्ड' पहिल्या भागावर जोर देऊन म्हणलं की नाम आणि शेवटच्या भागावर दिला की क्रियापद. 'फोटोग्राफ' म्हणताना जोर फो वर, 'फटॉग्रफी' म्हणताना तो टॉ वर जातो आणि मग फो चा फ होऊन बसतो. ज्या भागावर जोर नाही तिथला स्वर बारीक होऊन नुसता अ सारखा उरतो, आणि हा बारीक अ इंग्रजीतला सगळ्यात जास्त येणारा स्वर आहे, पण त्याला स्वतःचं अक्षरच नाही, ए इ आय ओ यू कशाच्याही मागे लपतो. म्हणून तर ती 'कम्फ्टबल' वाली फजिती. 'आय कॅन गो' चं पण तसंच, ते लोक 'आय कन् गो' म्हणून मोकळे होतात आणि आपण कॅन ठासून म्हणतो, मग ऐकणाऱ्याला शंका येते की हा जमतं म्हणाला की जमत नाही म्हणाला.

आता गंमत बघा, तो बारीक अ लिहायची सोय आपल्या लिपीत आहे! पण इंग्रजी शब्दाखाली मराठीत उच्चार लिहिला की शिक्षकांना (मी पण त्यातलीच होते) पाप केल्यासारखं वाटतं, पुस्तकात कोणी पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं तर खोडायला लावायचे मी. चूक देवनागरीची नव्हती, स्पेलिंग बघून देवनागरी लिहितो ही चूक होती. कान लावून लिहिलं तर तेवढं वाईट नाही. सगळं बसत नाही मान्य, व्ही आणि डब्ल्यू मधला फरक व आणि व्ह ने जेमतेम भागतो, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. डिक्शनरीत उच्चाराची चिन्हं असतात ती वापरा म्हणणारे म्हणतील, जरूर वापरा, ती चिन्हं ज्या संघटनेने आणली ती 1886 मध्ये पॅरिसला भाषा शिकवणाऱ्या मास्तरांनीच सुरू केली होती. केंब्रिजने परदेशी लोकांसाठी इंग्रजीची पहिली परीक्षा 1913 ला घेतली त्यात पण उच्चारशास्त्राचा वेगळा दीड तासाचा पेपर होता. बसले होते तिघं आणि तिघंही नापास, ते सोडा. पण शंभर वर्षांपूर्वी ज्याला अख्खा पेपर होता त्याला आज तुमच्या चौकटीत एक ओळ पण नाही.

तर मागणं असं. शब्दाखाली उच्चार द्या, स्पेलिंगवरून नाही, ऐकून, आणि जोर असलेलं अक्षर ठळक करा. आणि शब्द जरा रोजचे घ्या हो, परवा तुम्ही 'सेरेंडिपिटी' दिलात, छान आहे, पण माझ्या बॅचमधल्या लोकांना तो वर्षभरात एकदाही भेटणार नाही आणि 'गेट' मात्र दिवसातून पन्नास वेळा भेटेल, 'गेट अप', 'गेट ओव्हर', 'गेट अवे विथ', प्रत्येक वेळी वेगळ्या अर्थाने. मायकेल वेस्ट नावाच्या इंग्रजीच्या शिक्षकाने 1953 ला सगळ्यात जास्त उपयोगी अशा साधारण 2000 शब्दांची यादी काढली होती, ती समोर ठेवून रोज एक म्हणलं तरी तुम्हाला पाच वर्षांहून जास्त पुरेल.

जमल्यास सुरुवात 'कम्फर्टेबल' पासून करा, त्या गृहस्थांना मी कात्रण पाठवीन.

आपली,
इंग्रजी शिकवणारी एक वाचक