सिस्टर, आई आता पोटभर पाणी पिते

सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण साडीच्या आत गोधडीचे तुकडे बांधून आलेली बाई तुम्हाला आठवत असेल. मी तिची मोठी मुलगी.

ऊसतोडीला गेली असताना फडावरच आईच्या कळा सुरू झाल्या. तीन दिवस बाळ अडलं, मेलेलंच निघालं. तेव्हापासून नऊ वर्षं लघवी गळत होती. आजी म्हणायची करणी. एका दवाखान्यात तर वास येतो म्हणून आईला बाकावरून उठवलं होतं.

तुम्ही लघवीच्या पिशवीत निळं औषध सोडलंत. योनीमार्गात ठेवलेल्या तीन बोळ्यांतला मधला निळा निघाला, तो ट्रेमध्ये आईला दाखवलात. "मावशी, करणीबिरणी काही नाही. भोक आहे, शिवता येतं." मग केसपेपरच्या मागे चित्र काढलंत: बाळाचं डोकं दिवसच्या दिवस दाबून राहिलं की तिथलं रक्त थांबतं, मांस मरतं आणि लघवीच्या पिशवीला भोक पडतं. नऊ वर्षांत कुणी एवढं सांगितलं नव्हतं.

पण खरे आभार पाण्याचे. गळू नये म्हणून आई घोट-घोटच पाणी प्यायची. त्यानं लघवी उलट दाट व्हायची, मांड्या सोलून निघायच्या. ऑपरेशननंतर तुम्ही दर तासाला तांब्या पुढे करायचात. आई घाबरायची, "पिलं की भिजंल!" तुम्ही हलायचाच नाहीत. एकदा रात्री अडीचला लघवीच्या नळीला लावलेल्या पिशवीत थेंब पडायचे थांबले. आम्ही दोघी झोपेत. पायाखाली मुडपलेली नळी तुम्ही सरळ केलीत. लघवी तुंबली असती तर टाके गेले असते, हे मला सकाळी कळलं.

पुढे मी वाचलं, इथिओपियात अदिस अबाबाला 1974 पासून फक्त याच दुखण्याचं हॉस्पिटल आहे. बऱ्या झालेल्या बायका तिथे नव्या पेशंटची सेवा करतात. पेशंट म्हणून आलेली, शाळेचं तोंड न पाहिलेली मामितू गाशे तर हे ऑपरेशन स्वतः करायला शिकली. आईला सांगितलं, तर म्हणाली, "म्हंजे ती बी पोतं अंथरूनच झोपत असंल."

परवा मावशीकडे लग्नाला गेलो. एसटीत आई नेहमीसारखी दांडा धरून उभी राहिली. गाडी निम्मी रिकामी. मी हात ओढला तेव्हा बसली, आधी सीटच्या कडेला, मग मागे टेकून. बाटली मागितली आणि अर्धी संपवली.

तुमची,
मावशींची मुलगी