नेमणुकीचा एक कागद : माहिती व जनसंपर्क मंत्र्यांना तालुक्याच्या वार्ताहराचं खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, माहिती व जनसंपर्क,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : तालुका व गावपातळीवरील वार्ताहरांना लेखी नेमणूकपत्र मिळण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

मी 2006 पासून करमाळा तालुक्यातून बातम्या लिहितो. आधी एका दैनिकासाठी लिहीत होतो, आता जिथे छापून येईल तिथे मुक्तपणे लिहितो. घर चालतं ते झेरॉक्सच्या दुकानावर. इतक्या वर्षांत 'तुम्ही आमचे वार्ताहर आहात' असं लिहिलेला सहीशिक्क्याचा कागद मला कोणीही दिलेला नाही. ओळखपत्र मात्र मिळालं. त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं की, धारक हा संस्थेचा कर्मचारी नाही. या एका ओळीबद्दलच आपल्याला लिहितो आहे.

21 मे 2024 ची संध्याकाळ आपल्याला आठवत असेल. वादळी वारं सुटलं आणि कुगावहून उजनी धरणाच्या पाण्यातून पलीकडे कळाशीला निघालेली बोट उलटली. एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागले. बाकीचे सहा जण गेले, त्यांत लहान मुलं होती. त्या दोन रात्री मी कुगावच्या काठावर होतो. गावातली वीज गेलेली, मोबाइलची बॅटरी संपत आलेली. अंधारात एका आजींनी माझी बाही धरली आणि विचारलं, "पेपरवाले दादा, तुमाला तरी काय सांगितलं का कुणी?" माझ्याकडे सांगण्यासारखं काहीच नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसून राहिलो.

बुडालेल्यांची नावं, वयं, नाती मी तीन-तीन माणसांकडून तपासून घेतली. शहरातल्या डेस्कला घाई होती, ते साहजिक आहे. पण चुकीचं नाव छापून आलं तर दुसऱ्या दिवशी त्या घरच्यांना तोंड मला दाखवायचं असतं. बाहेरून आलेल्या गाड्या परत गेल्या की गावात आम्हीच उरतो. त्या बातम्यांचं मानधन मला मिळालं नाही. पेट्रोल माझंच होतं. त्याची तक्रार मी तेव्हा केली नाही, आजही करत नाही. त्या काठावर कोणीतरी असायलाच हवं होतं.

तक्रार आहे ती जाहिरातीच्या टार्गेटबद्दल.

मंत्रालयात बसून हे दिसत नाही, म्हणून सविस्तर सांगतो. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो. वर्धापनदिनाची पुरवणी, 15 ऑगस्ट, दिवाळी, पुढाऱ्यांचे वाढदिवस, या सगळ्याला जाहिराती आणायच्या आणि त्यावर कमिशन घ्यायचं. वसुली झाली नाही तर रक्कम आपल्याच नावावर उधारी म्हणून चढते. मग जो माणूस सोमवारी ग्रामपंचायतीत माहिती अधिकाराचा अर्ज देतो, तोच शुक्रवारी त्याच सरपंचाकडे अर्ध्या पानाच्या शुभेच्छा मागायला जातो. मी गेलो आहे. एका गावातल्या पाण्याच्या टाकीच्या कामाची कागदपत्रं माझ्या पिशवीत होती. समोरच्याने चहा मागवला, जाहिरात लगेच कबूल केली, आणि जाताना म्हणाला, "टाकीचं जरा सबुरीनं घ्या." त्या महिन्याचं टार्गेट पुरं झालं. टाकीची बातमी मी लिहिली नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या गावात टँकर लागला, आणि टँकरची बातमी मात्र मी लिहिली. ती लिहिताना हात जड झाला होता, हे आपल्याला मोकळेपणाने सांगतो.

आता कायद्याचं. पत्रकारांवरील हल्ले रोखण्यासाठी आपल्या राज्याने 2017 मध्ये कायदा केला. हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद, 50,000 रुपयांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे नाही. चांगला कायदा आहे. पण त्यातली पत्रकाराची व्याख्या वाचा : ज्याचा प्रमुख व्यवसाय पत्रकारिता आहे आणि जो माध्यमसंस्थेत कायम किंवा कंत्राटी नेमणुकीवर आहे, तो. माझा प्रमुख व्यवसाय, कमाईच्या हिशेबाने, झेरॉक्स आहे, आणि नेमणुकीचा कागद नाही. वाळूच्या बातमीवरून मला रस्त्यात अडवून गाडीची चावी काढून घेतली होती, तेव्हा पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला तो 'नेमणूकपत्र आहे का?' हाच. साधी अदखलपात्र नोंद झाली आणि मी घरी आलो.

राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे आपल्याला माहीत आहेत. 6 फेब्रुवारी 2023 ला रिफायनरीसंबंधीची त्यांची बातमी छापून आली आणि त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीवर गाडी घातली गेली. दुसऱ्या दिवशी ते गेले. राज्यभर निषेध झाला, आम्हीही तहसीलदारांना निवेदन दिलं. तालुक्यातून लिहिणारा माणूस ज्यांच्याबद्दल लिहितो त्यांच्याच रस्त्याने रोज घरी जातो. त्याला मागे उभी राहणारी संस्था लागते, आणि संस्था मागे उभी आहे हे कागदावर लागतं.

हे आपल्या हातात आहे. शासकीय जाहिराती आपल्या विभागाच्या यादीवरच्या वृत्तपत्रांना मिळतात. अ, ब, क वर्ग ठरवताना खप तपासला जातो, अंक नियमित निघतो का ते पाहिलं जातं. त्यातच आणखी एक अट घाला : यादीवरच्या प्रत्येक वृत्तपत्राने आपल्या वार्ताहरांची नावं, त्यांचं नेमणूकपत्र आणि ठरलेलं मानधन दरवर्षी जिल्हा माहिती कार्यालयात जमा करावं, आणि जाहिरात-वसुलीचं काम वार्ताहराकडे देऊ नये. छोट्या साप्ताहिकांना हे जड जाईल, मला कल्पना आहे. त्यांच्यासाठी मानधनाचा आकडा कमी ठेवा, पण कागद सगळ्यांना लागू करा. सोबत 2017 च्या कायद्यातल्या व्याख्येत मुक्त पत्रकाराला जागा द्या. छापून आलेली कात्रणं हा पुरावा पुरेसा धरावा.

'बोगस पत्रकार फार झालेत' असं अधिकारी आम्हाला नेहमी ऐकवतात. खरं आहे, गाडीवर 'प्रेस' लिहून फिरणारे आम्हालाही रोज भेटतात. कोण खरा, कोण खोटा हे सांगणारी यादी जिल्ह्यात कुठेच नाही, म्हणून ते फिरू शकतात.

दर 6 जानेवारीला, 'दर्पण' सुरू झाला त्या दिवशी, तालुक्यात आमचा सत्कार होतो. शाल आणि श्रीफळ देतात, आम्ही मानाने घेतो. येत्या पत्रकार दिनाच्या आधी सोलापूरच्या जिल्हा माहिती कार्यालयात तालुक्याच्या वार्ताहरांची एक बैठक आपण लावावी, ही विनंती. माझ्याकडे 2006 पासूनच्या कात्रणांच्या तीन फायली आहेत. बोलावाल त्या दिवशी दुकान बंद ठेवून त्या घेऊन येतो.

आपला,
एक तालुका वार्ताहर,
करमाळा, जि. सोलापूर