पासिंगच्या दिवसापुरती सुस्थिती

महोदय,

जुन्या रिक्षा रस्त्यावर ठेवाव्यात की मोडीत काढाव्यात, हा वाद पुण्यात अधूनमधून उफाळतो आणि प्रत्येक वेळी तो वाहनाच्या वयापाशी येऊन अडतो. माझे म्हणणे वयाविषयी नाही. नीट राखलेली बारा-तेरा वर्षांची रिक्षा ही हेळसांड झालेल्या पाच वर्षांच्या रिक्षापेक्षा सुरक्षित असू शकते, हे या धंद्यातला कोणताही मेस्त्री सांगेल. प्रश्न हा आहे, की या दोहोंतला फरक आपली योग्यता तपासणी, म्हणजे रिक्षाचालकांच्या बोलीतले ‘पासिंग’, ओळखू शकते का. नुसत्या नजरेने आणि अंदाजाने होणारी तपासणी तो भरवशाने ओळखू शकत नाही, असे माझे मत आहे.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५६ नुसार योग्यता प्रमाणपत्र नसलेल्या प्रवासी वाहनाची नोंदणीच वैध धरली जात नाही. केंद्रीय नियमांप्रमाणे आठ वर्षांपर्यंतच्या वाहनाला हे प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी आणि त्याहून जुन्या वाहनाला एकाच वर्षासाठी मिळते. जुन्या वाहनाकडे अधिक वेळा पाहावे हे तत्त्व कायद्याने मान्य केले, ते योग्यच झाले. पण तेच वाहन त्याच वरवरच्या पद्धतीने दुप्पट वेळा पाहिले, म्हणून त्याचे दोष दुप्पट सापडतात असे नाही.

जुन्या रिक्षाचे धोकादायक दोष बहुतेक वेळा दिसत नाहीत. तिला ट्रकसारखी स्वतंत्र चॅसी नसते; दाबून घडवलेला पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. पुण्याच्या पावसाळ्यात चिखल-पाणी खात हा पत्रा आतून गंजतो आणि सर्वांत आधी कुजतो तो मागची चाके धरणारे आर्म व धक्के झेलणारे जंपर जिथे बसतात त्या जागी. वरून रंगाचा हात फिरवला आणि खाली रबरी पायपोस अंथरले, की हा गंज झाकला जातो. ब्रेकचेही तसेच. तिन्ही चाकांना ड्रम ब्रेक असतात. मागच्या एखाद्या चाकाच्या व्हील सिलिंडरचे (तेलाच्या दाबाने ब्रेक लावणाऱ्या भागाचे) रबर गळू लागले आणि तेल लायनरवर, म्हणजे ड्रमला घासणाऱ्या अस्तरावर, उतरले, तर मागची दोन चाके सारख्या जोराने धरत नाहीत. मैदानात सावकाश चालवून ब्रेक दाबला तर गाडी थांबते आणि पास होते. कात्रजच्या उतारावर, तीन प्रवासी बसलेले असताना, तीच गाडी एका बाजूला ओढते, आणि चारचाकीपेक्षा तीनचाकीला हे ओढणे अधिक महागात पडते, कारण पुढे तोल सावरायला एकच चाक असते. त्या चाकाच्या बेअरिंगची आणि हँडलच्या खांबाची ढिलाई चाक उचलून, हाताने हलवून पाहावी लागते. रांगेतली पुढची गाडी ताटकळत असताना ती प्रत्येक वेळी पाहिली जाते, असे तपासणीच्या ठिकाणी थोडा वेळ उभे राहिलेल्या कोणालाही म्हणवणार नाही.

याला जोड मिळते ती पासिंगपुरत्या सुट्या भागांची. टायरच्या खाचेची खोली तीनचाकीसाठी किमान ०.८ मिलिमीटर असावी, असा नियम आहे. मुळात ही मर्यादाच उदार आहे. तरीही गुळगुळीत टायर काढून पासिंगच्या दिवसापुरते मित्राचे चांगले टायर चढवायचे आणि संध्याकाळी परत करायचे, ही युक्ती कुठल्याही रिक्षा स्टँडवर नवी नाही. दिवा, आरसा, हॉर्न यांचेही असेच. अशा वेळी दिलेले प्रमाणपत्र खोटे नसते. ते त्या दिवसापुरते खरे असते. आपण मात्र ते वर्षभर खरे मानतो.

आणखी एक विसंगती मला फार खटकते. प्रमाणपत्र नाकारले, तर त्याची कारणे मालकाला लेखी द्यावीत असे कलम ५६ सांगते. मंजूर झाले, तर हाती पडणाऱ्या कागदावर वाहनाचा क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. ब्रेकचा जोर किती भरला, डाव्या-उजव्या चाकात फरक किती आढळला, टायरची खाच किती उरली होती, यातले काहीही त्यावर नसते. त्यामुळे यंदाची रिक्षा गेल्या वर्षीपेक्षा किती खालावली, हे ना मालकाला कळते, ना पुढच्या वर्षीच्या निरीक्षकाला. जुन्या वाहनाच्या बाबतीत एका दिवसाच्या आकड्यापेक्षा दोन वर्षांच्या आकड्यांतला फरक अधिक बोलका असतो. नेमकी तीच नोंद प्रमाणपत्रावर राहत नाही.

स्वयंचलित तपासणी केंद्रांचे, म्हणजे यंत्रांनी वाहन तपासणाऱ्या केंद्रांचे, नियम सप्टेंबर २०२१ मध्ये आले. केंद्र चालवणाऱ्याने दुरुस्तीचा किंवा सुट्या भागांच्या विक्रीचा व्यवसाय करू नये, ही त्यांतली अट मला विशेष महत्त्वाची वाटते. पण यंत्र आले म्हणजे प्रश्न सुटला असे समजू नये. ब्रेक मोजणाऱ्या नेहमीच्या यंत्रात डाव्या आणि उजव्या चाकासाठी, चाक ज्यांवर फिरवतात त्या रोलरच्या दोन जोड्या असतात आणि मधली जागा मोकळी असते. रिक्षाचे पुढचे चाक नेमके त्या मोकळ्या जागेत येते. तीनचाकीसाठी वेगळी मांडणी नसेल, तर पुढच्या ब्रेकचा आकडा एक तर मिळणार नाही किंवा गाडी वाकडी घालून कसाबसा घेतलेला मिळेल. म्हणून पुणे परिसरात तीनचाकी तपासणारे प्रत्येक केंद्र याची काय व्यवस्था करते, हे परिवहन विभागाने जाहीर करावे. नव्या वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय ज्या शहरात वेताळ टेकडीवर आहे आणि रस्ते वाहतुकीचे शिक्षण व संशोधन करणारी सीआयआरटी ज्याच्या वेशीवर भोसरीत आहे, तिथे जुन्या रिक्षाच्या तपासणीची एक पक्की पद्धत ठरवणे अवघड जाऊ नये.

सीएनजीच्या टाकीचा उल्लेख स्वतंत्रपणे करायला हवा. या टाकीत साधारण २०० बार दाबाने वायू भरलेला असतो आणि दर तीन वर्षांनी तिची जलदाब चाचणी, म्हणजे पाण्याच्या दाबाने मजबुतीची तपासणी, करावी लागते. या चाचणीची तारीख योग्यता प्रमाणपत्रावरच ठळक छापली, तर प्रवाशालाही ती वाचता येईल.

हे सर्व लिहिताना रिक्षाचालकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा माझा हेतू नाही. पासिंगला गेलेला दिवस हा त्यांचा कमाईचा बुडालेला दिवस असतो, आणि गाडी नापास झाली तर असे दिवस वाढतात. प्रमाणपत्राची मुदत संपल्यावर दररोज ५० रुपये विलंब शुल्काची तरतूद आहे. २०२४ मध्ये तिच्या वसुलीला राज्यातील रिक्षा संघटनांनी विरोध केला, तो समजण्यासारखा होता. नापास होणे इतके महाग असेल, तर चालक मित्राचे टायर मागणारच आणि निरीक्षकालाही नापास करताना संकोच वाटणारच. मुदतीपूर्वी तपासणीला आलेल्या आणि नापास झालेल्या रिक्षाला दुरुस्तीसाठी ठरावीक दिवस द्यावेत, त्या दिवसांत ती रस्त्यावर येऊ नये, पण त्यांचे विलंब शुल्क आकारू नये आणि फेरतपासणीत केवळ दोष आढळलेले भागच, तेही विनाशुल्क, तपासावेत. त्याच्या जोडीला आठ वर्षांवरील काही रिक्षांची वर्षाच्या मध्यात, पूर्वसूचना न देता, रस्त्यावरच ब्रेक आणि टायर यांपुरती तपासणी व्हावी आणि तिचे आकडे पासिंगच्या दिवशीच्या आकड्यांशी ताडून पाहावेत. प्रादेशिक परिवहन कार्यालयाने हा प्रयोग निदान एखाद्या वर्षापुरता करून त्याचे निष्कर्ष आपल्या वृत्तपत्रातून पुणेकरांसमोर ठेवावेत, अशी माझी विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक नियमित वाचक
सहकारनगर, पुणे