लॅबमधल्या मामांना, राहून गेलेलं थँक्यू

मामा, नमस्कार.

एमएस्सीच्या प्रोजेक्टमधलं आभाराचं पान मी एका सिनियरच्या फाईलमधनं उचललं होतं, त्यामुळे गाईड आले, एचओडी आले, आईबाबा आले आणि तुम्ही मात्र "सर्व शिक्षकेतर कर्मचारी" या ओळीत गेलात. परवा ते बाइंडिंग हातात आलं आणि लाज वाटली, म्हणून हे इथे सगळ्यांसमोर लिहितोय.

वरंधा घाटातनं आणलेले बेसाल्टचे (लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडाचे) तुकडे आठवतात का, गोणी तुम्हीच जिन्यावरनं वर चढवलेली. मला वाटलेलं डेन्सिटी म्हणजे दोन दिवसांचं काम, दगड हवेत तोलायचा, मग पाण्यात लटकवून तोलायचा, वजन जेवढं घटलं त्याने हवेतल्या वजनाला भागायचं, झालं. बीएस्सीला वॉकरच्या काट्यावर केलंच होतं की (दगड लांब दांडीवर सरकवून तोलायचा काटा, तिथे वजन नाही, दांडीवरचं अंतर वाचतात, म्हणून गणित उलटं असतं, पाण्यातला आकडा मोठा येतो, दरवर्षी अर्धा वर्ग तिथेच गंडतो). आणि माझ्या चांगल्या घट्ट काळ्या दगडाची डेन्सिटी आली २.६! घट्ट बेसाल्ट २.९ च्या आसपास यायला हवा, आणि २.६? मी दोन दिवस कॅल्क्युलेटरवरच चूक शोधत बसलो.

तुम्ही कपाट पुसता पुसता बीकरकडे बघितलंत आणि एवढंच म्हणालात, "दगड काचेला टेकलाय, आणि अंगावर बुडबुडे बघ किती." मग पंखा बंद केलात (मे महिना!), सुती दोरा पाणी पितो म्हणून नायलॉनचा रीळ काढून दिलात, पाण्यात लिक्विड सोपचा एक थेंब टाकलात म्हणजे बुडबुडे धरत नाहीत. तोच दगड, हवेत ४१२.६ ग्रॅम, पाण्यात २६९.८, म्हणजे २.८९. पाणी ३० अंशाला होतं, म्हणून त्याच्या डेन्सिटीने, ०.९९६ ने, गुणलं तर २.८८. मी नुसता बघत राहिलो.

पण खरं थँक्यू आहे ते सॅम्पल १७ साठी. तो भोकाभोकाचा दगड, पाण्यात सोडला की रीडिंग स्थिरच होईना, हळूहळू वाढतच चाललेलं. मी म्हटलं काटा बिघडला. तुम्ही म्हणालात, "काटा नाही रे, तो पाणी पितोय, आधी पोटभर पिऊ दे." मग १०५ अंशाला ओव्हनमध्ये सुकवून कोरडं वजन, मग व्हॅक्यूमखाली पाण्यात रात्रभर, आणि सकाळी ओल्या फडक्याने टिपून परत वजन. कोरड्या फडक्याने टिपायला गेलो तर ओरडलात, कारण ते भोकांतलं पाणीपण ओढून घेतं. कोरडा ३०५.४, पाणी प्यायलेला ३१८.२, पाण्यात बुडवून १८८.४. भोकं धरून डेन्सिटी २.३५, पाणी शिरलेली भोकं वगळून २.६१, आणि पोरोसिटी, म्हणजे दगडात भोकांचा वाटा, साधारण १० टक्के. एकाच दगडाचे दोन आकडे आणि दोन्ही बरोबर, हे मला तोपर्यंत कुणी नीट सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि मी मागच्या बाकावर असेन.

आता मी ग्रॅव्हिटी सर्व्हेच्या (जमिनीखालच्या दगडांमुळे गुरुत्वाकर्षणात पडणारे बारीक फरक मोजतात त्या) डेटावर काम करतो. तिथे दगडाची डेन्सिटी सवयीने सगळीकडे २.६७ घालतात, पण डेक्कन ट्रॅपमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या बेसाल्टच्या थरांत, ते चालत नाही, आणि १०० मीटरच्या थराला डेन्सिटी ०.१ ने चुकली की गुरुत्वाकर्षणाच्या मापात ०.४ मिलिगॅलचा फरक पडतो. कुणी नुसता "बेसाल्ट २.९" असा आकडा दिला की मी आधी विचारतो, घट्ट की भोकाचा, कोरडा की ओला? लोक वैतागतात. वैतागू देत.

तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी मी फील्डवर होतो, निरोप समारंभ हुकला. दिवाळीत गावी येतोय तेव्हा घरी येऊन जाईन, काकूंना सांगून ठेवा, चहा चालेल. आणि तो नायलॉनचा रीळ माझ्याचकडे आहे, अर्धा संपलाय, परत मागू नका.

तुमचा,
सॅम्पल १७ वाला