मधुमेहाच्या तपासणीत हिरड्याही पाहाव्यात : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

मला मधुमेह होऊन अकरा वर्षे झाली. या काळात माझे डोळे, पायांची संवेदना आणि मूत्रपिंडे नियमितपणे तपासली गेली; तोंड उघडा, असे मात्र एकदाही कोणी म्हणाले नाही. गेल्या वर्षी खालची दाढ हलू लागली, तेव्हा मी आपणहून दंतवैद्यांकडे गेलो. मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत अलगद सरकवत त्या आकडे सांगत गेल्या आणि मदतनीस ते लिहीत गेली : तीन, तीन, पाच, सात. निरोगी हिरडीत ही सळई १ ते ३ मिलिमीटरच आत जाते, हे मला नंतर समजले. दाढेला धरून ठेवणारे हाड झिजले होते आणि ते सहसा पहिल्यासारखे भरून येत नाही.

सूचना मिळाली नव्हती, असेही नाही. तीन-चार वर्षे माझी चूळ गुलाबी पडत होती. ब्रश कडक असेल म्हणून मी मऊ घेतला आणि तरीही रक्त थांबेना, तेव्हा ती बाजू घासणेच सोडून दिले. जे करायला हवे होते, त्याच्या नेमके उलट.

दातांच्या कडेला साचणारा जिवाणूंचा चिकट थर रोज निघाला नाही, की हिरडी लाल होते, सुजते आणि ब्रश लागताच रक्त येते. हाच थर लाळेतील क्षारांमुळे कडक होऊन त्याचे कीटण झाले, की ते ब्रशने निघत नाही. दंतसंशोधक हॅराल्ड ल्यो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या १२ जणांनी दात घासणे थांबवले, तेव्हा १० ते २१ दिवसांत सर्वांच्या हिरड्या सुजल्या आणि घासणे पुन्हा सुरू होताच त्या पूर्ववत झाल्या. म्हणजे रक्त येते तो टप्पा बहुधा परतीचा असतो. पुढचा, हाड झिजण्याचा टप्पा तसा नसतो, आणि तोही बहुतेक वेळा न दुखता येतो. धूम्रपान करणाऱ्यांची तर आणखी फसगत होते, कारण त्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते आणि रोग आतल्या आत वाढत राहतो.

मधुमेहाशी याचे नाते दुहेरी आहे. साखर आटोक्यात नसली, की हिरड्यांचा रोग बळावतो आणि हिरड्यांतील जुनाट सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर उपचार केल्यावर तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत थोडी का होईना घट होते, असे अभ्यासांत आढळले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या जागतिक आरोग्य सभेने २०२१ च्या ठरावात मौखिक आरोग्य मधुमेहासारख्या असंसर्गजन्य रोगांच्या कामाशी जोडण्याचे आवाहन सदस्य देशांना केले, ते उगाच नव्हे.

माझी मागणी यंत्रसामग्रीची नाही. मधुमेहाच्या केसपेपरवर तीन प्रश्न छापावेत : घासताना रक्त येते का, एखादा दात हलतो किंवा पूर्वीपेक्षा लांब दिसतो का, आणि तोंडाची दुर्गंधी जात नाही असे होते का? सोबत बॅटरीच्या उजेडात एकदा हिरड्या पाहाव्यात आणि शंका आल्यास रुग्णाला दंतवैद्यांकडे पाठवावे. दिवसातून दोनदा दात घासा, हे फलकांवर असतेच. पण ब्रशचे केस तिरके धरून हिरडीच्या कडेपर्यंत पोहोचवायचे असतात, दोन दातांमधली जागा दोऱ्याने किंवा छोट्या ब्रशने वेगळी साफ करावी लागते आणि रक्त आले म्हणून घासणे थांबवायचे नसते, हे मी एकाही फलकावर वाचलेले नाही.

माझी दाढ अजून जागेवर आहे, मात्र दर तीन महिन्यांनी हिरडीखालची सफाई करून घ्यावी लागते. पुढच्या तपासणीला जाईन, तेव्हा केसपेपरवर डोळे, पाय आणि मूत्रपिंडांच्या शेजारी हिरड्यांचाही रकाना असावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक मधुमेही रुग्ण